वास नसलेला माल

मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादकबाईंचा फोन आला, "यंदा तुमच्या नोकरीविषयी लिहा ना, काहीतरी हलकंफुलकं." मी हो म्हटलं. कोलकात्यातल्या आपल्या मराठी घरांत मला लोक ओळखतात ते गणपतीतल्या उकडीच्या मोदकांमुळे. एकतीस वर्षं मी रोज डबा घेऊन कुठे जात होते, हे कुणाला धड ठाऊक नाही. माझा मुलगा लहानपणी शाळेत सांगायचा, "आई डिंक विकते."

तसं ते फारसं खोटंही नव्हतं. लग्न होऊन मिरजेहून इथे आले तेव्हा माझ्याकडे इलेक्ट्रिकल डिप्लोमा होता आणि नवऱ्याकडे बँकेची बदलीची नोकरी. त्याची बदली पुढे होतच राहिली, मी मात्र इथल्या एका खासगी कंपनीत चिकटले ती निवृत्त होईपर्यंत. विजेच्या जोडण्यांत पाणी शिरू नये म्हणून जे जे लागतं ते आमची कंपनी पुरवायची. केबल पेटीत शिरते तिथे आवळायची ग्लँड, झाकणाखालची रबरी रिंग, पेटीत ओतायचं रेझिन, फटी बुजवायचं सिलिकॉन. कुठे काय चालेल हे ठरवणं आणि आलेला माल तपासणं हे माझं काम. शेवटची दहा-बारा वर्षं त्यातही पोहण्याचे तलाव, आणि तलावांतही मिठाचे तलाव.

मिठाचा तलाव म्हणजे क्लोरीन नसलेला तलाव, असं लोकांना वाटतं. क्लोरीन असतंच. पाण्यात समुद्राच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतकं मीठ घालतात, ते पाणी विजेवर चालणाऱ्या एका यंत्रातून फिरवतात आणि त्या मिठातूनच क्लोरीन तयार होतं. डोळे कमी चुरचुरतात, पाणी अंगाला मऊ लागतं. पण खारं पाणी गोड्या पाण्यापेक्षा वीज जास्त सहज वाहून नेतं, आणि वर तांबं, पितळ, स्वस्त रबर असं समोर येईल ते खात सुटतं. बायपासकडच्या एका रिसॉर्टवाल्याला हे मी अर्धा तास समजावत होते. शेवटी तो म्हणाला, "मॅडम, नमक तो नॅचरल चीज है." मी म्हटलं, "बिजली भी नॅचरल है, आसमान से गिरती है." त्यानं माल दुसरीकडून घेतला.

निमाईदांची ओळख अशाच एका चुकीतून झाली. हे बराकपूरचे मिस्त्री, माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठे, रोज लोकलनं सियालदहला उतरायचे आणि शहरभर तलावांची, कारंज्यांची कामं करायचे. एका क्लबातल्या पाण्याखालच्या दिव्यांत सारखं पाणी जात होतं म्हणून मला बोलावलं. बघते तर रबरी रिंगा भिजवलेल्या हरभऱ्यासारख्या टम्म फुगलेल्या, झाकणं नीट बसतच नव्हती. क्लोरीनला टिकणारं ते काळं रबर पेट्रोलियमच्या ग्रीसपुढे हात टेकतं. त्याला सिलिकॉनचंच ग्रीस लागतं. निमाईदांनी काय केलं होतं, तर थंडीत ओठांना लावायची जेली प्रत्येक रिंगेला प्रेमानं चोळली होती. आमच्याकडून आलेली ग्रीसची डबी त्यांनी जपून ठेवली होती, महाग वस्तू म्हणून.

मी तेव्हा तरुण होते आणि जिभेला हाड नव्हतं. क्लबाच्या मॅनेजरसमोर, चार मजुरांसमोर मी त्यांना म्हटलं, "माझ्या मालात स्वतःची अक्कल चालवायची नाही. मी सांगेन तेच लावायचं." ते मान खाली घालून उभे राहिले. पुढची वीस वर्षं त्यांच्या सदऱ्याच्या खिशात सिलिकॉन ग्रीसची डबी असायची, आणि भेट झाली की ती दाखवून ते हसायचे. मला ते बौदी म्हणायचे, म्हणजे वहिनी. त्यांच्यामुळे शहरातले सगळे मिस्त्री मला बौदी म्हणायला लागले.

आता नाकाविषयी. सिलिकॉन दोन जातीचं येतं. एक वाळताना व्हिनेगरसारखा आंबट वास सोडतं. ते काचेला, फरशीला उत्तम. पण त्याच्यातून जे आम्ल सुटतं ते तांब्याला लागतं. कोंदट बंद पेटीत, खाऱ्या दमट हवेत, तांब्याच्या जोडावर ते भरलं की तांबं हिरवं पडत जातं आणि काही महिन्यांत त्याचा भुगा होतो. दुसऱ्या जातीला वास जवळजवळ नसतो. विजेच्या कामाला तेच हवं. दिसायला दोन्ही सारखीच, ट्यूबही सारखीच, आणि बाजारात एकाच्या ट्यूबमध्ये दुसरं भरून विकणारे महाभाग काही कमी नाहीत. खरी परीक्षा म्हणजे घासून लख्ख केलेल्या तांब्याच्या पट्टीवर एक थेंब सोडायचा, पट्टी ओल्या कापसासोबत पेल्याखाली झाकायची आणि आठ दिवस थांबायचं. पट्टी लख्ख राहिली तर माल पास.

आठ दिवस थांबायला कुणाला वेळ असतो? म्हणून माझं नाक. ट्यूब उघडायची, बोटावर थोडं घ्यायचं, नाकाशी धरायचं. हातभर अंतरावरून मला कळायचं. दहा वेळा नाकानं ठरवलं आणि पट्टीनं पडताळलं, तर दहाही वेळा नाक बरोबर. हळूहळू पट्टी मागे पडली. मिस्त्री लोक पेटी उघडून उभे राहायचे आणि हाक मारायचे, "बौदी, नाकटा दिन तो!" नाक द्या म्हणे. मी नाक द्यायचे, काही वास आला नाही की मान डोलवायचे, आणि मान डोलली की निमाईदा माल भरायला घ्यायचे. मला या गोष्टीचा गर्व होता, आणि तो मी लपवतही नव्हते.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत आम्ही दोघं आजारी पडलो. नवरा, श्रीकांत, दहा दिवसांत उठला. मीही उठले, पण वास गेला. आधी कळलंच नाही. एक दिवस स्वयंपाकघरात उभी असताना श्रीकांत बाहेरच्या खोलीतून धावत आला, पातेल्यातली डाळ जळून कोळसा झाली होती आणि मी समोर उभी राहून कोशिंबीर करत होते. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. लवंग हुंगा, लिंबू हुंगा. मी हुंगत राहिले. श्रीकांत म्हणाला, "ऑफिसात सांगून टाक." मी म्हटलं, "महिन्याभरात येईलच, कशाला उगीच बोभाटा." निवृत्तीला दोन वर्षं होती. ज्या नाकावर ती सगळी पुरुषमंडळी मला मान देत होती ते नाक गेलं, हे सांगायची मला लाज वाटली. दुसरं कारण नाही. नोकरी जाण्याची भीती वगैरे काही नव्हती, कंपनीनं मला टेबलाच्या कामाला बसवून ठेवलं असतं.

इथे थंडीत तलाव बंद असतात, दुरुस्त्या तेव्हाच होतात. त्या थंडीत सॉल्ट लेक या उपनगराच्या पलीकडच्या एका मोठ्या सोसायटीचा तलाव मिठाचा करायचं काम निघालं. तलावाभोवतीचं सगळं धातूकाम, म्हणजे शिड्या, कठडे, पंपाचं अंग, एका तांब्याच्या तारेनं एकमेकांना जोडतात आणि ती तार एका पेटीतून जमिनीत अर्थिंगला नेतात. कुठे वीज गळली तर ती माणसातून न जाता तारेनं जमिनीत जावी म्हणून. दुसरी राखण म्हणजे गळती होताच वीज तोडणारा स्विच. त्या अर्थिंगच्या पेटीतला जोड बुजवायचं काम निमाईदांकडे होतं.

माल त्याच दिवशी आला, आमच्याच कंपनीकडून, नवीन व्यापाऱ्याच्या खोक्यात. पट्टीच्या परीक्षेचं मी नावही काढलं नाही. पेटी उघडी, मिस्त्री खोळंबलेले, आणि सोसायटीचे सेक्रेटरी घड्याळ बघत उभे. निमाईदा सवयीनं म्हणाले, "बौदी, नाकटा दिन." मी ट्यूबचं टोक स्वतःच्या हातानं कापलं, बोटावर घेतलं, नाकाशी धरलं. काही नाही. अर्थातच काही नाही. तेव्हा मला कोळसा झालेल्या डाळीचाही वास येत नव्हता. पण इतक्या वर्षांची सवय अशी की वास आला नाही की मान आपोआप डोलते. ती डोलली. लेबल वाचलं, बरोबर होतं, आणि मी कागदावर सही केली.

निमाईदा क्षणभर ट्यूब हातात धरून थांबले. "ठीक आछे, बौदी?" त्यांनी पुन्हा विचारलं. ते कधी दुसऱ्यांदा विचारत नसत. मी म्हटलं, "ठीकच आहे, भरा." त्यांनी भरलं. नेहमीसारखं सुरेख, कडेनं बोट फिरवून, एकही बुडबुडा नाही.

ती थंडी गेली, तलाव सुरू झाला, उन्हाळा गेला. भाद्रातल्या उकाड्यात, विश्वकर्मा पूजेच्या दोन दिवस आधी, निमाईदा त्या सोसायटीत गेले. दरवर्षी पूजेआधी ते आपल्या हातचे सगळे बोर्ड पुसून स्वच्छ करून ठेवत. विश्वकर्मा त्या दिवशी कामाची हत्यारं बघायला येतो असं इथले कारागीर मानतात, आणि त्यानं कळकट बोर्ड बघावा हे निमाईदांना चाललं नसतं. त्याआधी आठवडाभर तो गळतीचा स्विच सारखा पडत होता. लोकांचं पोहणं बंद होतं म्हणून कुणीतरी स्विच वगळून वीज सरळ जोडून दिली होती. कुणी, ते पुढे कधीच कळलं नाही. निमाईदांना एवढंच सांगितलं की आता स्विच पडत नाही. त्यांना वाटलं, बरं झालं. दुपारी तीनच्या सुमारास अर्थिंगच्या पेटीकडे जायला ते ओल्या फरशीवरून वाकले आणि तोल सावरायला त्यांनी शिडीचा कठडा धरला.

मी पोचले तेव्हा त्यांना नेलेलं होतं. फरशीवर त्यांची पिशवी होती, तिच्यात बोर्डांना घालायचे झेंडूचे हार. मी पेटीचं झाकण काढायला लावलं. वरून सिलिकॉन गुळगुळीत, कुठे चीर नाही. ते सुरीनं कापून काढलं तर आतली तार हिरवीगार, आणि बोटानं चोळली तर भुगा. पंपातली गळती जमिनीकडे न जाता सगळ्या कठड्यांवर येऊन बसली होती.

निमाईदांच्या पिशवीत त्या थंडीतली अर्धी उरलेली ट्यूब निघाली. माल वाया घालवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. ती घेऊन मी ऑफिसात आले. प्रयोगशाळेत शर्मिष्ठा नावाची माझ्या हाताखाली तयार झालेली मुलगी होती. तिच्यासमोर ट्यूबचं वाळलेलं टोक कापलं. तिनं खुर्ची मागे सरकवली. "शी, मॅडम, हे तर नुसतं व्हिनेगर आहे! तुम्हाला येत नाही वास?" मी म्हटलं, "सर्दी आहे." तरीही मी तांब्याची पट्टी लावली. आठ दिवस रोज सकाळी पेला उचलून बघत होते. नवव्या दिवशी तिच्यावर बोटाएवढा हिरवा डाग होता. जी परीक्षा आधी करायची ती मी माणूस गेल्यावर केली.

चौकशी झाली. सोसायटी म्हणाली, मिस्त्रीनं चुकीचा माल भरला. आमची कंपनी म्हणाली, आमचा माल अस्सल होता, मिस्त्रीनं बदलला असणार. वगळलेला स्विच तोवर जागच्या जागी बसवून झाला होता. मेलेला माणूस उत्तर देत नाही, त्यामुळे सगळ्यांचं एकमत व्हायला वेळ लागला नाही. मी आमच्या साहेबांच्या केबिनमध्ये गेले, दार लावलं आणि सांगितलं की ट्यूब मी उघडली होती, माझं नाक गेलेलं होतं. त्यांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "तुम्ही लेबल बघून सही केलीत ना? मग झालं. नाकासाठी फॉर्ममध्ये रकानाच नाही. एवढ्या वर्षांच्या नोकरीला शेवटी डाग कशाला लावून घेता?" मी गप्प बसले. त्यांच्यावर ढकलत नाही. मला गप्प बसायचंच होतं, त्यांनी फक्त पाट मांडून दिला.

निरोप समारंभ झाला, शाल मिळाली, कुणीतरी भाषणात माझ्या नाकाचं कौतुक केलं आणि सगळे हसले. मीही हसले. त्यानंतर सियालदहच्या बाजारात जुना एक मिस्त्री भेटला. सहज म्हणाला, "निमाईनं असं करायला नको होतं, बौदी. नकली माल भरला म्हणे, चोरानं." चोर हा शब्द मी घरी घेऊन आले आणि तो काही केल्या घरातून जाईना. श्रीकांतला सांगितलं. तो म्हणाला, "मला सांगून काय उपयोग? ज्यांना सांगायचं त्यांना सांग."

बराकपूरला जायला मला आणखी तीन महिने लागले. निमाईदांचं घर स्टेशनपासून दहा मिनिटांवर, गल्लीत, एक खोली आणि व्हरांडा. त्यांच्या पत्नी, कल्याणीदी, यांना मी पूर्वी दोनदाच भेटले होते. त्यांनी मला वेताच्या मोड्यावर बसवलं, चहा आणला, माझ्या मुलाची चौकशी केली. भिंतीवर निमाईदांचा फोटो, खालच्या फळीवर पक्कड, टेस्टर, आणि ती ग्रीसची डबी. मी काय बोलायचं ते लोकलमध्ये घोकून आले होते. ते सोडून मी चहाच पीत राहिले.

मग कल्याणीदी एकदम ओशाळून म्हणाल्या, "शेजारी शुटकी शिजतेय, बौदी. तुम्हाला फार त्रास होत असेल. खिडकी लावून घेऊ?" शुटकी म्हणजे सुकी मासळी. तिच्या वासानं इथलेही पुष्कळ लोक नाकाला पदर लावतात.

मी म्हटलं, "नाही, मला काही त्रास नाही."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "ते सांगायचे, सियालदहच्या मासळीबाजारावरून जाताना बौदी श्वास रोखून चालतात. आम्हालाच इथे बसवत नाहीये."

"मला वास येत नाही, कल्याणीदी. काहीच येत नाही."

"कधीपासून?"

विचारलं अगदी काळजीनं. दुखणाईताला विचारतात तसं. मी सांगितलं, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेपासून. त्यांनी मनात हिशोब केला असावा. दुसरी लाट, मग थंडी, मग तो तलाव. हातातली बशी त्यांनी हळूच खाली ठेवली. मी रडायला लागले आणि त्यांनी मला थांबवलं नाही. मी सगळं सांगितलं. ट्यूब माझ्या हातानं उघडली, माल आमच्या कंपनीचा होता, मान मी डोलवली, आणि त्यांच्या नवऱ्याला चोर म्हणत होते तेव्हा मी शाल पांघरून घरी बसले होते.

शेजारी कढईत उलथनं वाजत होतं. कल्याणीदी फळीवरच्या डबीकडे बघत म्हणाल्या, "त्या दिवशी घरी येऊन त्यांनी हात तीनदा साबणानं धुतले. मी विचारलं, काय झालं? म्हणाले, आजच्या मालाला कसा टक-टक गंध होता गं, आंबट."

मी हातातला कप खाली ठेवला. त्या सांगतच होत्या.

"मी म्हटलं, मग बौदींना सांगायचं ना. तर म्हणाले, बौदींनी नाक दिलं, ठीक म्हणाल्या. नवीन कंपनीचा माल असाच असेल. माझं काय, मिस्त्रीचं नाक. बौदींनी एकदा सांगून ठेवलंय, स्वतःची अक्कल चालवायची नाही."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं. उठताना मी त्यांच्या पायांना हात लावायला वाकले तर त्यांनी पाय मागे घेतले. "ते नको," त्या म्हणाल्या. "लिहून द्या. सगळे वाचतील असं."

मी सोसायटीला लिहिलं, कंपनीला लिहिलं, ट्यूब आणि हिरवी पडलेली पट्टी सोबत जोडली. सोसायटीकडून उत्तर नाही. कंपनीनं कळवलं की प्रकरण बंद झालेलं आहे आणि माझ्या दीर्घ सेवेबद्दल ते आभारी आहेत. म्हणून संपादकबाईंना हो म्हटलं. त्यांना हलकंफुलकं हवं होतं, त्याबद्दल माफी मागते. या लेखाचं बंगालीत भाषांतर शर्मिष्ठा करून देणार आहे, त्याची प्रत मी बराकपूरला नेऊन देणार आहे आणि सियालदहच्या बाजारात त्या मिस्त्रीच्या हातातही.

बाकी काही कापलंत तरी चालेल, एवढं मात्र कापू नका. ट्यूब मी उघडली होती. वास निमाईदांना आला होता.